जूनचा पहिला धडा आणि पालकांची खुर्ची

शाळा सुरू झाल्या. दप्तर, गणवेश, फी, रिक्षाचे पैसे या धावपळीत बहुतेक घरांत एक प्रश्न राहून जातो: पहिल्या महिन्यात वर्गात नेमके काय शिकवले जात आहे? मूल दहावीत असेल तर आपण रोज विचारतो. सहावी-सातवी-आठवीच्या मुलाबाबत मात्र "शाळेत जातोय ना, मग झाले" एवढ्यावर भागवतो.

बालभारतीची २०१६ ते २०१८ या वर्षांत आलेली पुस्तके उघडून पाहा. माध्यम मराठी असो वा उर्दू, धडे तेच आहेत. सहावीचे गणित भूमितीतील मूलभूत संबोध आणि कोन यांपासून सुरू होते, लगेच पूर्णांक संख्या आणि अपूर्णांकांवरील क्रिया येतात. आठवीच्या पहिल्याच प्रकरणात परिमेय व अपरिमेय संख्या आहेत. नागरिकशास्त्रात सहावीला समाजजीवन आणि समाजातील विविधता, सातवीला संविधानाची ओळख आणि उद्देशिका, आठवीला संसदीय शासन पद्धती. नवा अभ्यासक्रम २०२५ मध्ये पहिलीपासून आला आहे, तो टप्प्याटप्प्याने वर चढेल. पुस्तके बदलली तरी या वयात हे दोन पाया घालावेच लागतील: संख्येचा आणि नागरिकत्वाचा.

आधी संख्येचे पाहू. १/२ आणि १/३ यांची बेरीज अनेक मुले २/५ अशी लिहितात. २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली, असे कसे होईल? हा प्रश्न मुलाला स्वतःला पडला पाहिजे. तो पडला नाही, तर पुढे बीजगणित, टक्केवारी, भौतिकशास्त्र सगळे पाठांतरावर चालते आणि दहावीनंतर "आपल्या मुलांना विज्ञान झेपत नाही" असा शिक्का बसतो. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे एक साधा नियम आहे: चूक सुरुवातीला सापडली तर दुरुस्ती स्वस्त, वापरात गेल्यावर सापडली तर महाग. शाळेचेही तसेच आहे. राज्यात पाचवी आणि आठवी सोडली तर मधल्या वर्गांत मूल मागे ठेवले जात नाही. ते चांगलेच आहे, पण त्यामुळे कच्चा राहिलेला पाया निकालपत्रात दिसत नाही. तो वहीत दिसतो, आणि वही आपण उघडत नाही.

आता नागरिकशास्त्र. इतिहासाबरोबर एकाच पुस्तकात, मागच्या बाजूला छापलेला हा विषय. अनेक ठिकाणी तो परीक्षेच्या तोंडावर उरकला जातो. सातवीचे मूल उद्देशिका तोंडपाठ म्हणते, पण समता या शब्दाचा आपल्या गल्लीतील नळाशी, शाळेच्या स्वच्छतागृहाशी काय संबंध, हे त्याला कोणी सांगत नाही. संविधान वाचवा म्हणून आपण सभा घेतो. ज्या मुलांच्या हातात ते शासनानेच दिले आहे, त्यांच्याशी मात्र त्यावर दहा मिनिटे बोलत नाही.

इथे एक अवघड गोष्ट आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांना हे लागू आहे. पण २०१४ च्या प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्याबाहेर ठेवले. कलम ३० चा हक्क आपल्याला मोलाचा आहे आणि तो टिकलाच पाहिजे. मात्र तो हक्क समाजाचा आहे, तो चार विश्वस्तांच्या सोयीसाठी दिलेला नाही. ज्या शाळेत सातवीची मुलगी लोकशाही शिकते, तिथे तिच्या आईला बसायला खुर्ची नसेल, तर मुलगी पुस्तकापेक्षा शाळेकडूनच जास्त शिकेल. कायद्याचे बंधन नसतानाही पालकांना समितीत घेणे आपल्या संस्थांना शोभून दिसेल.

तेव्हा जून-जुलैत तीन कामे करू या. एक, आठवड्यातून एकदा मुलाची गणिताची वही उघडा आणि "हे उत्तर बरोबर कशावरून?" एवढेच विचारा. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल, मुलाला सांगता आले पाहिजे. दोन, सरकारी शाळा असेल तर समितीची बैठक कधी आहे ते विचारून हजर राहा. संस्थेची शाळा असेल तर चार-पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज देऊन बैठक मागा. तीन, मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी शनिवारचा एक तास सहावी ते आठवीच्या मुलांना द्यावा. दहावीचे मोफत वर्ग भरपूर निघतात, आणि तिथे येणारी अनेक मुले सहावीतल्या अपूर्णांकांवरच अडलेली असतात.

पहिली घटक चाचणी होईपर्यंत थांबू नका. या शनिवारी आपल्या गल्लीतील सहावीच्या एका मुलाची वही मागून घ्या.