मूल सांभाळणाऱ्या बाईचे माप

मूल सांभाळायला बाई ठेवताना आपण तिच्याशी एकच काम ठरवतो. बाळाला बघायचे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, महिन्याला अमुक पगार. पहिला महिना तसाच जातो. मग बाळाच्या बाटल्यांबरोबर दोन कपबशा तिच्यापुढे येतात. बाळाचे लंगोट धुतेच आहेस तर मोठ्याचा युनिफॉर्मही धू. बाळ झोपले आहे ना, मग भाजी निवड, कुकर लाव. मोठ्या मुलाची स्कूलबस आली की खाली जाऊन त्याला घेऊन ये. आजींची गोळी दुपारी दोनला द्यायची आठवण ठेव. वर्षभरात ती आया, मोलकरीण, स्वयंपाकीण आणि नर्स अशी चारही माणसे झालेली असते. पगार मात्र एकाच माणसाचा.

यात कोणी दुष्ट असतो असे नाही. प्रत्येक काम ‘जरासे’ असते आणि तिला कोणी हुकूम देत नाही, गोडच बोलतात. कोणी तिला मावशी म्हणते, आमच्या घरांत खाला किंवा आपा म्हणतात. पण नात्याचा हा शब्द एकाच दिशेने चालतो. काम वाढवायचे तेव्हा ती घरची असते. पगार वाढवायचा विषय निघाला, किंवा ती चार दिवस आजारी पडली, की ती बाहेरची होते.

साधा हिशेब करू. समजा, पगार बारा हजार, रोज दहा तास, महिन्याचे 26 दिवस. म्हणजे 260 तास आणि तासाला साधारण 46 रुपये. मालकीणबाईंची ऑफिसची वेळ बदलली आणि सात वाजता सुटणारी बाई नऊला सुटू लागली, तर तास होतात 312 आणि दर उतरतो साडेअडतीस रुपयांवर. पगार कोणी कापला नाही, तरीही मजुरी कापली गेली. बाळ झोपलेले असताना तिला मिळणारी अर्ध्या तासाची विश्रांती स्वयंपाकात गेली, हे तर या हिशेबात धरलेलेच नाही.

कुरआनच्या ‘मुतफ्फिफीन’ या सूरहची सुरुवातच अशा लोकांच्या धिक्काराने होते, जे घेताना भरून घेतात आणि देताना माप कमी भरतात. आपण ते वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर धान्याचा व्यापारी येतो. पण श्रमही मापूनच घेतले जातात. ठरलेल्या पगारात न ठरलेले काम काढून घेणे हे काटा मारण्याहून वेगळे कसे?

मूल सांभाळण्याच्या कामाबद्दल तर कुरआन थेट बोलतो. सूरह बकराच्या 233व्या आयतीत आपल्या बाळाला दुसऱ्या स्त्रीकडून दूध पाजून घेण्याची मोकळीक आहे, पण ठरलेला मोबदला रीतसर देण्याच्या अटीवर. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) हजरत हलीमांच्या दुधावर वाढले. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या नोकरीचा करार आहे. आठ वर्षे ठरतात. पुढची दोन वर्षे करायची की नाहीत, हे मूसांच्या मर्जीवर सोडले जाते आणि मालक म्हणतो की तुला त्रासात टाकण्याची माझी इच्छा नाही. म्हणजे जादा काम करणाऱ्याच्या खुशीने व्हायला हवे. ते गृहीत धरता येत नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. ताकदीपलीकडचे काम लादू नका, आणि द्यावेच लागले तर स्वतः हात लावा, ही हदीस मात्र कमी वेळा ऐकू येते.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट घडते. इफ्तारच्या तयारीसाठी बाई उशिरापर्यंत थांबते, तिचाही रोजा असतो, आणि ईदच्या आधी जकातीतले काही पैसे तिच्या हातावर ठेवून वर्षभराचा हिशेब चुकता झाला असे मानले जाते. ती गरजू असेल तर जकात तिला जरूर द्यावी. पण जकात हा तिचा वेगळा हक्क आहे. ती पगारात, जादा कामाच्या मोबदल्यात किंवा बोनसमध्ये वळती करता येत नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. पुण्यात मोलकरणींनी संप केला तो 1980 साली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला 2008 साली, आणि तोही नोंदणी व मदतीपुरता. पगार किती आणि तास किती, हे तो ठरवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. तोवर त्या घरात कायदा म्हणजे आपणच.

‘आम्हालाही परवडत नाही’ हे उत्तर खोटे नाही. नोकरी करणाऱ्या अनेक आयांचा निम्मा पगार यातच जातो. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर देणे 2017च्या दुरुस्तीने बंधनकारक केले, पण बहुतेक बायका त्याहून लहान ठिकाणी काम करतात. तिथल्या आईनेही पाळणाघराची मागणी लावून धरली पाहिजे. पण सरकारची आणि कंपनीची उणीव घरातल्या सर्वांत गरीब बाईने भरून काढावी, हा न्याय नव्हे. पैसे कमी असतील तर काम कमी सांगावे. आणि भांडी-स्वयंपाक बाईवर जातो तेव्हा घरातला पुरुष काय करतो, हेही विचारावे.

करायचे ते अवघड नाही. पहिल्याच दिवशी कामांची यादी आणि वेळ कागदावर लिहावी, तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची भरपगारी रजा त्यात असावी. दुसरे बाळ आले, वेळ वाढली, नवे काम आले, की आधी पगाराचे बोलावे आणि ती ‘नको’ म्हणाली तर राग धरू नये. वर्षाला वाढ तिने मागण्याआधी द्यावी. सूरह बकरातच उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. उसने दिलेले पाच हजार आपण वहीत टिपतो. ज्या बाईच्या हातात आपले मूल दहा तास असते, तिच्याशी झालेला करार मात्र तोंडीच राहतो.