पदकामागचे गुरुजी

१९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकले, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या या मुलाला कुस्तीचे डाव शिकवणारे बेलापुरे गुरुजी कितीजणांना ठाऊक आहेत? पुढे खाशाबांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी ७,००० रुपयांना घर गहाण टाकले. बँकेत मी गहाणखते पुष्कळ पाहिली. दुसऱ्याच्या मुलासाठी केलेले एकही आठवत नाही. शाळेतला कुस्तीचा मास्तर तर आयुष्यच असे तारण ठेवतो. दरवर्षी नवी पोरे, तीच तांबडी माती. एखादा खाशाबा होतो. बाकीचे ताठ कण्याची माणसे होतात. शाळेची तालीम बंद पडू न देणे, एवढी तरी परतफेड आपण करायला हवी.