मुका संगणक

संगणक सुरू होतो, पडद्यावर सारे यथास्थित दिसते, आवाजाची पट्टी पुरती वर चढवलेली असते, आणि तरीही चकार शब्द उमटत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाट्याला हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. त्यावरचे सल्लेही ठरलेले: अमुक आज्ञा द्या, तमुक ओळ त्या फाइलीत घाला, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. आवाज आला की विषय संपला. उतारा टाकावा तसे हे तोडगे आहेत, आणि आमचा विरोध आहे तो नेमका याच वृत्तीला.

लिनक्समधील ध्वनिव्यवस्था ही मजल्यावर मजले चढवलेल्या वाड्यासारखी आहे. १९९२ मध्ये हानु सावोलाइनेन यांनी ड्रायव्हरचे काम आरंभले, त्यातून ओएसएस आले. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी आल्सा सुरू केले. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलसोबत ते सर्वत्र पोहोचले. त्यावर पल्सऑडिओचा मजला चढला, आणि २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने त्याच्या जागी पाइपवायर आणले. तळाशी आल्सा मात्र आजही तेच आहे.

तेव्हा प्रथम विचारावे ते हे, की आवाज कोणत्या मजल्यावर अडला? कार्ड संगणकाला दिसते का, हे एलएसपीसीआय सांगते. ड्रायव्हरने ते स्वीकारले का, हे आल्साची कार्डांची यादी सांगते. नव्या लॅपटॉपांत पुष्कळदा फर्मवेअरची फाइलच नसते. ती तक्रार कर्नलच्या नोंदींत सापडते. आल्सामिक्सरमध्ये पट्टीखाली 'एमएम' दिसले तर ती वाट बंद आहे. एम ही कळ दाबताच ती उघडते. हे सारे ठीक असेल, तर बहुधा आवाज एचडीएमआयच्या तारेने मॉनिटरकडे निघून गेलेला असतो.

सामान्य माणसाने हे का शिकावे, हा आक्षेप रास्त आहे. दोष पुष्कळदा उत्पादकाचा असतो. कोणती खाच हेडफोनची आणि कोणती स्पीकरची, ही माहितीच बायोसमध्ये चुकीची भरलेली असते. म्हणून कर्नलमध्ये लॅपटॉपांच्या एकेका मॉडेलसाठी अपवादांची लांबलचक यादी सांभाळावी लागते. त्यातली कित्येक नावे कुणीतरी आपल्या यंत्राची माहिती विकसकांपर्यंत पोहोचवली म्हणूनच तिथे आली आहेत. तोडगा लावून जो गप्प बसतो, तो आपल्यापुरता आवाज मिळवतो. त्याच मॉडेलच्या पुढच्या धन्याला मात्र मुका संगणकच मिळतो.

आणि तो धनी अंध असला तर? आम्हां डोळसांना आवाज गेला म्हणजे गाणी गेली. ऑर्का या वाचकाच्या साहाय्याने काम करणाऱ्याचा आवाज गेला म्हणजे पडदाच गेला. ब्रेल यंत्र जवळ नसेल, तर वर सांगितलेल्या परीक्षांपैकी एकही त्याला एकट्याने करता येत नाही. ते 'एमएम' वाचायचे कुणी? दोष दुरुस्त करण्याचे साधन दोषानेच हिरावून घेतलेले असते.

डेबियनने याचा विचार केलेला आहे. स्थापनेच्या आरंभी एस आणि एंटर दाबले की पुढील स्थापना बोलत बोलत होते. ध्वनिकार्डे अनेक असली, तर कार्यक्रम एकेका कार्डावर बोलून पाहतो आणि आवाज ऐकू आला की एंटर दाबा, असे सांगतो. कोणते कार्ड बोलके आहे हे यंत्राने गृहीत धरलेले नाही; ऐकणाऱ्यालाच विचारले आहे. आम्हांला वाटते, ध्वनीच्या प्रत्येक दुरुस्तीची हीच कसोटी असावी: डोळे मिटून ती करता येते का? ज्या दिवशी या प्रश्नाला होकार देता येईल, त्या दिवशी 'मुक्त' हा शब्द या प्रणालीला खऱ्या अर्थाने शोभेल.