सूर्याकडे पाहण्याचा अधिकार

विज्ञान हे मूठभरांचे वतन राहणार की साऱ्या समाजाचे साधन होणार, याचा निकाल शेवटी अंदाजपत्रकात लागतो. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या बलून-प्रयोगांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

जमिनीवरून सूर्याचे निरीक्षण करताना वातावरण आड येते. ओझोनचा थर बरेचसे अतिनील किरण शोषून घेतो आणि हवेच्या हालचालीने प्रतिमा थरथरते. हेलियमचा प्रचंड बलून उपकरणांना सुमारे ३६ किलोमीटर उंचीवर नेतो, तेव्हा ९९ टक्के वातावरण खाली राहिलेले असते. अग्निबाणाच्या मानाने खर्च अल्प, आणि हवाई छत्रीमुळे उपकरण परतही मिळते. लुइझियाना राज्य विद्यापीठ व 'नासा' यांच्या 'हॅस्प' या योजनेत २००६ पासून विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली उपकरणे न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नर येथून अशी आकाशात गेली.

त्यांत 'हेलिऑस' हे सूर्यनिरीक्षणाचे उपकरण होते. ते बांधणारे बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ. झुलत्या, फिरत्या सांगाड्यावरून सूर्य भिंगात धरून ठेवणे सोपे नाही. विरळ हवा उष्णता वाहून नेत नाही, म्हणून त्या उंचीवर यंत्रे थंडीइतकीच स्वतःच्या उष्णतेनेही बिघडतात. हे धडे पुस्तकात वाचता येतात. अंगी बाणतात ते हाताने काम केल्यावरच. बुद्धी आणि श्रम यांची फारकत मोडते ती अशा ठिकाणी.

अशा अनेक विद्यार्थी-संघांना ज्या 'स्पेस ग्रँट' योजनेचा आधार असतो, ती चालविणारा 'नासा'चा शिक्षणविभाग बंद करण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने २०१७ साली मांडला. काँग्रेसने तो मानला नाही. २०२५ साली तोच प्रस्ताव पुन्हा आला. सुमारे २,५०० कोटी डॉलरच्या अंदाजपत्रकात या विभागाचा वाटा १४ कोटी ३० लाखांचा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी! भव्य मोहिमा पाहूनच तरुणांना स्फूर्ती मिळेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. परंतु मोहिमा पाहून प्रेक्षक तयार होतात. शास्त्रज्ञ तयार होण्यासाठी हाती साधने यावी लागतात. श्रीमंत विद्यापीठे ती स्वतः घेतील. सरकारी अनुदान गेले तर वंचित होईल तो कामकऱ्याचा मुलगा, कामकऱ्याची मुलगी.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी बलून सोडण्याची परंपरा आपल्याकडे होमी भाभांपासूनची आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद केंद्र असे बलून स्वतः बनवते आणि सोडते. तेथील एक उड्डाण दरवर्षी तालुक्याच्या गावांतील महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांच्यासाठी राखून ठेवावे, आणि उपकरणांचा खर्च सरकारने उचलावा, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी हाती घेतली पाहिजे. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकांचे कर्तव्य असल्याचे संविधानात १९७६ साली नमूद झाले. कर्तव्य सांगणाऱ्या राज्यसंस्थेने साधनेही पुरविली पाहिजेत. सूर्य सर्वांचा आहे. त्याच्याकडे दुर्बीण रोखण्याचा अधिकारही सर्वांचा व्हावा.