पेशी कमी, पण डेंगी नाही

पोळा तोंडावर आला की वऱ्हाडातल्या दवाखान्यांत तापाच्या पेशंटची रांग लागते. अमरावती असो की अकोला, पुढचा क्रम ठरलेला. मलेरिया आणि डेंगीची तपासणी होते, ती निगेटिव्ह येते. मग विडाल होते आणि ‘टायफाइड निघतो’. सलाइन लागते, सुया सुरू होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘पेशी कमी झाल्या’ असे कानावर पडते आणि घरातले कोणीतरी पपईची पाने शोधायला निघते. ताप मात्र जागचा हलत नाही.

यातले बरेचसे ताप विषाणूंचे असतात आणि आपोआप बरे होतात. काहींना खरोखरच डेंगी असतो. पण उरलेल्यांमध्ये एक गट असा आहे, जो वेळेत ओळखला तर स्वस्तातल्या कॅप्सूलने बरा होतो आणि आठवडाभर चुकला तर पेशंट थेट व्हेंटिलेटरवर जातो. स्क्रब टायफस आणि स्पॉटेड फिव्हर हे त्या गटातले दोन ताप. पहिला चिगर नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळीच्या चाव्यातून येतो, दुसरा गोचिडीतून. दोन्हींत प्लेटलेट्स उतरतात, म्हणून दोन्ही डेंगीच्या नावाखाली खपून जातात.

हे आजार आपल्याकडे नवे नाहीत. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, नागपूरच्या शासकीय रुग्णालयात एकामागून एक पेशंट दाखल झाले आणि मृत्यूही झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी या नावाची ओळख करून दिली. पण त्याच्या सात वर्षे आधी, २०११ मध्ये, अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात स्पॉटेड फिव्हर लवकर ओळखण्यासाठी गुणांकनाची एक पद्धत मांडली होती. मूल खेड्यातले आहे का, घरी जनावरे आहेत का, गोचीड चावली का, पुरळ कधी आले, ते तळहात-तळपायांवर आहे का, पायांवर सूज आहे का, अशा साध्या गोष्टींना त्यात गुण आहेत. सोबत नेहमीच्या रक्ततपासण्या. महागडी यंत्रसामग्री नसलेल्या गावात डॉक्टरला निर्णय घेता यावा, हा त्यामागचा विचार. वऱ्हाडातल्या पेशंटकडे पाहून तयार झालेली ही पद्धत वऱ्हाडातल्याच प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागायला हवी होती.

मुद्दा असा की या तापांचा पुरावा बहुतेक वेळा अंगावरच असतो, फक्त तो पाहावा लागतो. स्पॉटेड फिव्हरमध्ये ताप आल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत पुरळ उठते. मनगटे आणि घोट्यांपासून सुरू होऊन ते तळहात-तळपायांवर जाते. गोवराचे किंवा औषधाच्या ॲलर्जीचे पुरळ समजून ते सोडून दिले जाते. सावळ्या कातडीवर ते नीट दिसतही नाही, म्हणून उजेडात पाहावे.

स्क्रब टायफसची खूण वेगळी. चिगर जिथे चावली तिथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, भोवती लालसर कड. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे पेशंटला तिचा पत्ताच नसतो. आणि ती असते कुठे? काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनांखाली, गुडघ्यामागे. सोयाबीन आणि कपाशीचे निंदण मुख्यतः बायाच करतात. धुऱ्यावरच्या गवतात बसणे-उठणे त्यांचेच. पण गर्दीच्या ओपीडीत पुरुष डॉक्टर साडीवरूनच नाडी पाहतो, बाई संकोचाने काही सांगत नाही आणि खपली झाकलेलीच राहते. घरच्या बाईने, जावेने किंवा लेकीने आंघोळीच्या वेळी अंग नीट पाहिले तरी अर्धे काम होईल. मात्र ही खपली प्रत्येकात उमटत नाही. ती नाही म्हणून आजार नाही, असे समजू नये. चावा आणि ताप यांत बहुधा दहा-बारा दिवसांचे अंतर असते, म्हणून ‘काही चावले होते का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, गवतात, गोठ्यात होतात का’ असे विचारले तर खरी माहिती मिळते.

आता विडालबद्दल. आपल्याकडे टायफाइड असलेल्या भागात ही तपासणी जुन्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते. खरा टायफाइड ब्लड कल्चरने ठरतो. ‘निघाला’ म्हणून जी इंजेक्शने सुरू होतात, त्यांतली सेफ्ट्रिॲक्झोनसारखी औषधे टायफाइडवर चालतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, पेशींच्या आत शिरून बसणाऱ्या या जिवाणूंवर मात्र त्यांचा उपयोग होत नाही. पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात.

उपयोग होतो तो डॉक्सिसायक्लिनचा. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावा. लहान मुलांचे दात पिवळे पडतील ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. पण थोड्या दिवसांच्या डोसने तसे होत नाही आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये मुलांसाठीही याच औषधाची शिफारस केली. ती मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांतही डॉ. राठी होते. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. औषध लागू पडले तर बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. नाही उतरला तर निदान पुन्हा तपासावे लागते. अर्थात कॅप्सूल स्वस्त आहे म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणून घेणे हा उपाय नव्हे. डोस वजनावर ठरतो.

उशीर झाला की काय होते, हे गोरखपूरने दाखवले आहे. तिथे वर्षानुवर्षे पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने दगावत होती आणि सारे जपानी मेंदूज्वरावर ढकलले जात होते. पुढे शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा मोठ्या संख्येने मुलांमध्ये स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्याच चाचणीत असेही दिसले की तीव्र स्क्रब टायफसमध्ये दोन औषधे एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा फायदा अधिक. पण ते शिरेतून, रुग्णालयात. पेशंट तिथवर वेळेत पोहोचला पाहिजे.

म्हणून घरच्यांनी पेशींच्या आकड्यापेक्षा पेशंटकडे पाहावे. श्वास जोरात चालतो आहे, पेशंट गुंगीत आहे किंवा बरळतो आहे, झटका आला, लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, हातपाय गार पडले, यातले काहीही दिसले तर खासगी-सरकारी असा विचार करत न बसता इर्विन, सर्वोपचार किंवा जे मोठे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे. डेंगीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. ताप उतरतो आणि सगळे निर्धास्त होतात, पण धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, बेचैनी ही त्याची चाहूल.

खांदेमळणीच्या दिवशी बैल धुताना गोचिड्या काढतात. त्या नखांनी चिरडू नयेत, कारण त्यांतले जिवाणू बोटांवरच्या बारीक जखमेतून शरीरात जाऊ शकतात. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. शेतातून आल्यावर कपडे खाटेवर न टाकता धुवायला घ्यावेत आणि अंग साबणाने घासून आंघोळ करावी.