सेवाभावाला शास्त्राची जोड

बारावीनंतर मुलाने समाजकार्याची पदवी घेण्याचा मनोदय सांगितला, की घरात पहिला प्रश्न उमटतो : समाजसेवेला पदवी कशाला? सेवा अंतःकरणातून उपजते, हे खरेच. परंतु व्यसनाने मोडलेले घर सावरणे किंवा शाळा सुटलेल्या मुलीला पुन्हा वर्गात आणणे केवळ कळवळ्याने साधत नाही. त्यासाठी ऐकून घेण्याची शिस्त, कायद्याचे ज्ञान आणि नोंदी ठेवण्याची सवय लागते.

या अभ्यासक्रमाचा प्राण क्षेत्रकार्यात आहे. वर्गात व्यक्तिसहाय्यकार्य, गटकार्य व समुदाय संघटन शिकायचे आणि वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात ते पडताळायचे, ही रचना उत्तमच. पण जिथे अहवाल गतवर्षीच्या वहीतून उतरवला जातो आणि मार्गदर्शक स्वाक्षरीपुरताच भेटतो, तिथे पदवी मिळते. कार्यकर्ता घडत नाही. यात खरी हानी होते ती त्या कुटुंबाची, ज्याने परक्यापुढे आपले दुःख उघडे केले आणि ज्याच्या दाराशी पुन्हा कोणी फिरकले नाही.

दुसरी उणीव दृष्टीची आहे. या शिक्षणाची आपल्याकडील पहिली संस्था १९३६ साली टाटा न्यासाच्या साह्याने मुंबईत उभी राहिली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन होते. पाश्चात्त्य पद्धतिशास्त्र येणे ओघानेच आले. ते त्याज्य नाही. मेरी रिचमंड यांचा १९१७ चा ग्रंथ अवश्य अभ्यासावा. परंतु त्याआधीच, १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली होती आणि १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग उभारून कामगार वस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालवली होती. या थोरांना इतिहासाच्या प्रकरणात बसवून त्यांच्यावर टीप लिहिली, की आपले कर्तव्य संपते काय? त्यांनी माणसे कशी जोडली, निधी कसा उभारला, विरोध कसा पचवला, हे कार्यपद्धती म्हणूनच शिकवले पाहिजे.

आणि समाजाचे काय? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या उद्योगांवर सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे दायित्व टाकले. निधी आला, पण तो वस्तीपर्यंत नेणाऱ्या प्रशिक्षित तरुणाला मात्र ‘सेवाच ना, मग वेतन कशाला?’ असे आजही ऐकावे लागते. त्याग स्वेच्छेने करायचा असतो. दुसऱ्यावर लादला, की ते शोषण ठरते. विद्यार्थ्याने वहीशी प्रामाणिक राहावे आणि समाजाने त्याच्या श्रमाशी.