जादा व्याजाची किंमत

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम कोठे ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा एकाच कसोटीवर शोधते : व्याज किती टक्के मिळणार? ही कसोटी अपुरी आहे. ठेवीदार हा वस्तुतः कर्ज देणारा असतो आणि त्याला मिळणाऱ्या व्याजात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : आजचा खर्च लांबणीवर टाकल्याचा मोबदला, रुपयाच्या घसरणीची भरपाई आणि मुद्दल बुडण्याच्या धोक्याचे मूल्य.

यांपैकी घसरणीचा हिशेब अर्थशास्त्राने केव्हाच मांडून ठेवला आहे. नाममात्र व्याजातून महागाईचा दर वजा केल्यावर उरते ते खरे व्याज, हे सूत्र आयर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. २०२२-२३ या वर्षात भारतातील किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के होती. वर्षारंभी मोठ्या बँका मात्र एक वर्षाच्या ठेवीवर सुमारे पाच टक्केच देत होत्या. म्हणजे ढोबळमानाने लाखाचे एक लाख पाच हजार झाले, तोवर लाखाचा बाजार एक लाख सहा हजार सातशेवर गेला होता. पासबुकात रक्कम वाढली, तरी तिची खरेदीशक्ती घटली.

ही घट भरून काढण्यासाठी ठेवीदार जादा व्याजाकडे वळतो, आणि तेथे तिसरा घटक आडवा येतो. इतरांपेक्षा अधिक दर देणारी संस्था बहुधा अधिक धोका पत्करत असते. मात्र तो धोका किती, हे संचालकांना ठाऊक असते, ठेवीदाराला नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना प्रारंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. या बँकेच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता. जानेवारी २०२२ मध्ये तिचे विलीनीकरण झाले. पण विम्याच्या मर्यादेपलीकडील ठेवींच्या परतफेडीसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. आयुष्याच्या उत्तरार्धात दहा वर्षे थांबणे ज्याला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने हे समाधान कागदीच ठरते.

या प्रकरणानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली, हे योग्यच झाले. ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून लागू होते. तेव्हा मोठी रक्कम एकाच बँकेत न ठेवता ती विभागणे हा साधा विवेक होय. परंतु गावोगावच्या पतसंस्थांना हे विमाछत्र नाही. ‘सहकारी’ या एका शब्दाखाली बँक आणि पतसंस्था यांतील हा भेद झाकला जातो आणि त्याची झळ नेमकी अल्पबचत करणाऱ्यांना बसते.

नागरिकाने हिशेब शिकावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्या हिशेबाला लागणारी माहिती त्याच्यापुढे असली पाहिजे. प्रत्येक पतसंस्थेच्या दर्शनी भागी व्याजदराच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, ‘येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा नाही’ असे लिहिण्याची सक्ती सहकार खात्याने करावी. जादा व्याजाची किंमत ठेवीदाराला पैसे भरण्यापूर्वी कळली पाहिजे, बुडाल्यानंतर नव्हे.